शोकाला गुण देताना

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील काव्यवाचन, काव्यगायन व नाट्यगीत स्पर्धांचे संयोजक आणि परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

दुःखाची कविता मंचावर आली की परीक्षकांच्या टेबलावरून एक शेरा हमखास येतो: "म्हटलं छान, पण भाव कमी पडला." पुढच्या वर्षी तीच मुलगी तिसऱ्या कडव्यावर हुंदका देते, पदर नसला तरी ओढणी डोळ्यांना लावते आणि ढाल घेऊन घरी जाते. मुलीबद्दल आमची काही तक्रार नाही. हुंदक्याला गुण आहेत हे तिला कळलंय आणि ती हिशोबाला पक्की आहे. तक्रार गुणपत्रिकेबद्दल आहे.

आम्ही या भागात मुलांना कविता आणि गाणी बसवून देतो, पेटी-तबल्याची साथ करतो, माइक सांभाळतो. आमचं म्हणणं एवढंच, की शोक असो, विरह असो की वेड, कवीनं तो ओळीच्या घडणीत आधीच घालून ठेवलेला असतो. श्वास कुठं तुटायचा, कुठलं अक्षर ओढायचं, कुठला शब्द परत परत यायचा, हे ठरलेलं असतं. म्हणणाऱ्यानं ती घडण न मोडता पोचवली की ऐकणाऱ्याचा घसा दाटतो. म्हणणाराच रडायला लागला की ऐकणारा त्याच्याकडे बघत बसतो आणि ओळ राहते बाजूला.

सज्जनगडापासून सुरुवात करू, कारण रामदासांचं "अनुदिनि अनुतापे तापलो रामराया" साताऱ्याकडच्या पुष्कळ पोरांना झोपेतसुद्धा येतं. वृत्त मालिनी. पंधरा अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे थांबा. आता बोटांवर मोजा: अ-नु-दि-नि-अ-नु, एकामागून एक सहा लघू, म्हणजे आखूड अक्षरं, मग 'तापे' हे दोन गुरू, म्हणजे लांब, आणि थांबा. सहा अक्षरं धावतात, दोन टेकतात. पळत आलेल्या माणसाचं बोलणं असंच असतं. उरलेल्या सात अक्षरांत पाच गुरू आहेत, 'तापलो रामराया', तिथं ओळ जड पावलांनी चालते. चौथ्या चरणात पुन्हा तेच: 'तुजविण शिण होतो' ही धाव, आणि मग 'धाव रे धाव आता'. कासाविशी त्या सहा लघूंत आहे.

आता चुका बघा. चाल लावणारा पहिल्याच अक्षरावर आलाप घेतो, 'अऽऽऽनुदिनि', की धाव तिथंच मेली. दुसरी चूक शुद्धलेखनाच्या आग्रहातून येते. 'परमदिनदयाळा' यात शब्द 'दीन' असला तरी कवीनं 'दि' ऱ्हस्व केला आहे, वृत्तासाठी. बाई वर्गात तो सुधारून 'दीन' म्हणायला लावतात आणि धावत्या सहा लघूंच्या मधोमध एक गुरू धोंड्यासारखा येऊन पडतो. उलट 'आवरीता' यातला 'री' दीर्घच हवा. तिथं व्याकरण सांभाळून 'आवरिता' म्हटलं की शेवट लंगडतो. तिसरी चूक अर्थाची. 'अचपळ मन माझे' यातला 'अ' बघून मुलं समजतात की मन चपळ नाही, सुस्त आहे. जुन्या मराठीत अचपळ म्हणजे अवखळ, एका जागी न ठरणारं. अर्थ उलटा समजलेला मुलगा ती ओळ संथ म्हणतो, आणि आवरत नसलेलं मन अगदी शहाण्यासारखं मांडी घालून बसतं. मुलाच्या भावात खोट नव्हती, शब्दाचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता.

संस्कृत पाठांतराच्या विभागाला जाता जाता एवढंच: कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गातला अजविलाप आणि कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गातला रतिविलाप दोन्ही वियोगिनी वृत्तात आहेत. विषम चरणात दहा अक्षरं, सम चरणात अकरा. एक पाय आखूड, एक लांब. आणि मेघदूताची मंदाक्रांता चार, सहा, सात अशी तुटते. पहिली चारही अक्षरं गुरू, म्हणजे आधी एक लांब उसासा आणि मगच बोलणं. ही सगळी वृत्तं एकाच घोटीव चालीत बसवून आणली तर यक्ष, अज आणि रती यांचं दुःख एकाच साच्यातून काढल्यासारखं वाटतं. प्रत्येकाची यती ऐका, तिथं गुण द्या.

अभंगाकडं मात्र जरा थांबायला हवं. ज्ञानेश्वरांच्या समाधीवर नामदेवांचे अभंग आहेत. त्यात निवृत्तिनाथांचा शोक येतो, आणि तो येतो शेतातून: "बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा । तृण रानोमाळा पांगतसे". मोठ्या अभंगाची घडण सहा-सहा-सहा-चार. मोजून बघा, बरोबर बसतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक, आळा-माळा. पहिले तीन चरण भरलेले, चौथा चारच अक्षरांचा. ओळ चौथ्या चरणात ओसरते, आणि तिथं शब्द कोणता आहे? 'पांगतसे'. जे पांगतं ते म्हणायला कमी अक्षरं ठेवली आहेत. आमच्याकडं कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या माणसाला आळा सुटणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. हातातली पेंढी एकदम सैल होते, आणि वाऱ्यावर गेलेला कडबा पुन्हा तसा गोळा होत नाही. थोरला भाऊ धाकट्याला समाधीकडं जाताना बघतोय आणि तोंडातून 'मी दुःखी' हा शब्द निघत नाही, आळा सुटल्याचं तेवढं निघतं.

गायक इथं काय करतात? चौथा चरण आखूड वाटतो म्हणून 'पांगतसे हो देवा' अशी भर घालतात, किंवा 'पांगतसे'वरच तान मारतात. मोकळी ठेवलेली जागा भरून टाकतात. भजनी ठेक्यात चौथा चरण संपला की उरलेल्या मात्रा टाळाला द्याव्यात. टाळकऱ्यानंही तिथं दुगुण, म्हणजे दुप्पट लय, करू नये. चिपळी असेल तर तीही गप्प.

आता त्या कवितेबद्दल, जी वाचनाच्या जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत येते: गोविंदाग्रजांची "राजहंस माझा निजला". आईच्या मांडीवरचं मूल गेलेलं आहे. भोवतालच्यांना ते कळलंय, तिला ते मान्य नाही. मूल झोपलंय, गडबड करू नका, एवढंच ती सांगत राहते. हुंदक्याला सगळ्यात जास्त गुण मिळतात ते याच कवितेला, आणि हुंदका सगळ्यात जास्त चुकीचा ठरतो तोही इथंच. विचार करा. मूल निजलंय असं जी मानते, ती रडेल कशाला? मोठ्यानं तरी बोलेल का? झोपलेल्या बाळाशेजारी बाई जशी बोलते तसंच तिनं बोलायला हवं: दबक्या आवाजात, थोडं रागावून, पण तो रागसुद्धा कुजबुजीतला. रडायचं काम सभागृहाचं आहे. कवितेतल्या आईला जे ठाऊक नाही ते सभागृहाला ठाऊक आहे, सगळी ताकद या फरकात आहे. मुलगी रडली की आईला खरं ते कळल्यासारखं होतं आणि कविता तिथंच संपते, पुढं कडवी कितीही असोत.

बसवायची कशी? ध्रुवपद प्रत्येक वेळी परत येतं, त्याची आधी यादी करावी. पहिल्यांदा ते साधं सांगणं आहे, घरी कुणी आलं तर आपण सांगतो तसं. पुढं ते बचाव होतं, मग विनवणी. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा थोडा खाली. 'निजला'च्या आधी थांबायचं नाही. कारण तिथं थांबणं म्हणजे शंका, आणि तिला शंका आहे हे आधीच दाखवलं तर पुढं दाखवायला काही राहत नाही. फार तर अगदी शेवटच्या वेळी अर्धा श्वास. बस्स. हात मांडीवर स्थिर. मूल हलवून बघणं, छातीशी कवटाळणं, वर आकाशाकडं बघणं, हे सगळं वर्ज्य.

यात संयोजकांचा दोष कुठं येतो? वेळेत. तीन मिनिटांची मर्यादा घातली की शिक्षक मधली कडवी गाळतात. ध्रुवपद दोनदाच येतं, मग ते सांगण्यावरून विनवणीपर्यंत जाणार कसं? मुलगी ती चढण हुंदक्यानं भरून काढते. दीर्घ कवितांना सहा मिनिटं द्या. स्पर्धक कमी घ्यावे लागले तर घ्या.

शोक म्हणजे संथ, हा आणखी एक पक्का समज. अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव वाळवा तालुक्यातलं. त्यांची "माझी मैना गावावर राहिली" ही छक्कड विरहाची आहे, आणि पुढं तोच विरह संयुक्त महाराष्ट्रातून तुटलेल्या मुलखाचा होतो. ढोलकी-तुणतुण्यावरची रचना. गडी मुंबईत आहे, बायको गावाकडं, आणि तो तिचा बांधा, रंग, चाल भराभरा सांगत सुटतो. जवळ असलेल्या माणसाची अशी यादी कुणी करत नाही. दुःख त्या यादीच्या वेगात आहे. सुगम गायनाच्या विभागात ही छक्कड पेटीवर, संथ केरव्यात, डोळे मिटून म्हटलेली ऐकली की वाटतं मैना गावाला नाही, सिमल्याला गेली असावी. नियमावलीत एक बदल करा: शाहिरी रचनेला दोन झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे साथीदार, मंचावर चालतील, त्यांना 'समूह' धरू नका. झील नसली की शाहिराला प्रत्येक ओळीनंतर स्वतःच थांबावं लागतं, आणि मग वेग राहत नाही.

लोकगीत विभागासाठी एक विनंती. मयताच्या घरचा हेल मंचावर आणू नका. त्याला घडण नाही म्हणून नव्हे, चांगली घट्ट घडण आहे: आधी हाक, मग गेलेल्याची एखादी आठवण, मग त्यालाच सवाल, आणि स्वर वरून खाली उतरत येतो. पण त्यातली हाक नात्याची असते. लेक 'आबा' म्हणून हाक मारते, सून 'मामा' म्हणून, आणि त्याच माणसाला दोघी वेगवेगळे सवाल करतात. चौदा वर्षांची मुलगी मंचावर 'अगं माझ्या बया' म्हणते तेव्हा ती कुणाला हाक मारते हे ठरलेलं नसतं, मागं उरतो नुसता आवाज. त्यापेक्षा जात्यावरची ओवी घ्या. तिथं श्वास जात्याच्या फेऱ्यानं बांधलेला असतो; खुंटा अंगाकडं येताना ओळ, लांब जाताना दम. ज्यांनी कधी दळलं नाही त्या मुलींकडून आधी दहा मिनिटं खरं जातं ओढून घ्या, चाल आपोआप जागेवर येते.

आता वेड. एकपात्री आणि नाट्यप्रवेशाच्या स्पर्धांत वेडाचा अर्थ केस मोकळे, खदाखदा हसणं आणि बुबुळं वर. कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं, त्यामुळं या विषयावर सातारा जिल्ह्याचा थोडा हक्क आहे असं धरून बोलतो. चौथ्या अंकातल्या पाचव्या प्रवेशात हॅम्लेटच्या प्रेयसीचं, ऑफेलियाचं, भान सुटलेलं आहे. एरवी बहुतेक पद्यात बोलणारी ही मुलगी इथं गद्यात बोलते आणि मध्येच गाण्यांचे तुकडे म्हणते. तुकडे कसले? लोकांच्या तोंडी असतात तसल्या सोप्या, हलक्या चालींचे. मेलेला बाप आणि फसवणारा प्रियकर एकमेकांत मिसळतात. कुणी काही विचारलं की उत्तराऐवजी दुसरंच गाणं. गाणं नीट आहे, चाल नीट आहे. एका गाण्यामागून कुठलं गाणं येतं, तेवढंच चुकलेलं आहे.

म्हणून सूर बिघडवून वेड दाखवता येत नाही. बेसूर गाणारी मुलगी फक्त बेसूर वाटते. तुकडा स्वच्छ सुरात, ठाय म्हणजे संथ लयीत, अगदी शहाण्यासारखा म्हणायचा आणि शब्द संपायच्या आत सोडायचा. सोडताना पट्टी बदलायची नाही, कारण पट्टी बदलली की नवीन गाणं सुरू झाल्यासारखं वाटतं; तीच पट्टी ठेवून दुसरे शब्द आले की ऐकणारा दचकतो. आमच्या मुलींना हा प्रवेश मराठीत करायचा असेल तर हादग्याच्या चाली वापराव्यात. त्या सगळ्यांच्या ओठांवर आहेत, आनंदाच्या आहेत, आणि फेर धरायला कुणी नसताना एकटीनं म्हटल्या की अंगावर येतात. बाकी अभिनय लागत नाही.

कवितेतलं वेड आणखी बारीक असतं. मर्ढेकरांचं आडनाव साताऱ्याजवळच्या मर्ढे गावाचं. त्यांची "पिपात मेले ओल्या उंदिर" ही ओळ वाचनात नेहमी येते आणि बहुतेक जण 'पिपात मेले' म्हणून थांबतात, मग 'ओल्या उंदिर' हे एका दमात म्हणतात, जणू उंदीर ओले आहेत. उंदीर ओले असते तर कवीनं 'ओले' लिहिलं असतं. 'ओल्या' हे सामान्यरूप पिपाचं आहे, ओल्या पिपात. विशेषण आपल्या नामापासून तुटून क्रियापदाच्या पलीकडं जाऊन पडलंय. मात्रा मात्र आठ आणि आठ, शिशुगीताच्या लयीत अचूक. लय शाबूत आणि वाक्याचा सांधा निखळलेला. त्या ओळीतलं भयाण जे काही आहे ते यात आहे. म्हणून ती सपाट, एकसारख्या लयीत म्हणायची, 'मेले'वर जोर न देता, पाढे म्हणतो तशी. किळस दाखवायला नाक मुरडलंत की संपलं.

गायनाच्या तांत्रिक बाजूवर आम्हाला फार बोलायचं नव्हतं, पण इथंच जास्त मुलं वाया जातात. सगळ्यांना एकच पट्टी देऊ नका. शोकाची गाणी बहुधा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरतात. आधी गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर शोधा आणि तो शेवटच्या रांगेत ऐकू जाईल एवढ्या आवाजात मुलीला लागतो का बघा. त्यावरून पट्टी ठरवा. पेटीच्या काळी चारला नीट गाणारी मुलगी छाप पडावी म्हणून काळी पाचला चढवली की अंतऱ्यातला तार गंधार किंकाळी होतो, आणि ही किंकाळी 'भाव' म्हणून गुण मिळवते. तेरा ते पंधरा वयाच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्यांना काळी एक किंवा त्याहून खाली गाऊ द्या, नाहीतर त्या वर्षी करुण गाणं देऊच नका.

तानपुऱ्याचंही तसंच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि शेजारी सांगलीतल्या मंचावर मोबाइलमधला तानपुरा माइकसमोर धरलेला असतो. तोही चालेल, पण निदान त्याची पहिली तार बदलू द्या. मारवा रागात पंचम (प) नाही आणि षड्जावर (सा) ठाण मांडून बसायचं नाही, गाणारा घराभोवती फिरतो पण आत जात नाही. बेचैनी येते ती यातून. त्याच्यामागं पंचमाचा तानपुरा वाजत राहिला की नसलेला स्वर सतत कानावर पडतो. तिथं पहिली तार निषादाला (नी) लावतात. मोबाइलवर ती दोन बोटांची करामत आहे.

माइकवाल्यासाठी: तोंड आणि माइक यांत एक वीत. इको बंद. इकोमुळं प्रत्येक शब्दाला शेपूट येतं आणि यतीची मोकळी जागा त्या शेपटानं भरते. मुलगी थांबली की आवाज गेला समजून खटका वर सरकवू नका. शिट्टी वाजते ती तेव्हाच. आणि वेळाधिकाऱ्याची घंटा! एक मिनिट उरलं म्हणून ठण्णकन वाजते ती नेमकी ध्रुवपदाआधीच्या शांततेत. छोटा लाल दिवा लावा, टेबलावर, फक्त स्पर्धकाला दिसेल असा.

राहिली गुणपत्रिका. पन्नासपैकी वीस गुण 'भाव' या एका रकान्यात असतील तर मुलं भावच आणणार. आमची सूचना अशी: शब्दोच्चार आणि वृत्त १५, सूर १०, लय १०, अर्थाची समज १०, मंचावरची शिस्त ५. वाचनाच्या विभागात सुराच्या जागी आवाजाची पट्टी आणि थांबे धरा. अर्थाची समज कशी जोखायची, असं कुणी विचारेल. सादरीकरण झालं की परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा. अचपळ म्हणजे काय? ओल्या हे कशाचं विशेषण? ही हाक कोण कुणाला मारतंय? उत्तर एका वाक्यात, अर्ध्या मिनिटात. उत्तर येत नसेल तर दहापैकी शून्य, गळा कितीही गोड असो. प्रश्न शिक्षकांना आधी कळले तरी हरकत नाही. पाठ करून का होईना, मुलगी 'अचपळ'चा अर्थ शिकून जाईल.

पुढच्या हंगामाच्या गुणपत्रिका छापायला टाकण्याआधी यावर एक बैठक लावावी. पेटी आणि माइक घेऊन आम्ही येतो, प्रत्येक मुद्दा वाजवून दाखवतो. आणि निवेदकांना एक निरोप तेवढा द्या: बक्षीस घ्यायला वर आलेल्या मुलीला पाहुण्यांसमोर "ते रडणं पुन्हा एकदा दाखव बघू" असं म्हणू नका.

कळावे,
आपले,
कविता-गाणी बसवून देणारे काही शिक्षक, पेटीवाले, तबलजी आणि माइकवाले
सांगली-सातारा